काळ्या पत्थरात खाण काऊन नाई?

मंडळी, आमच्या अकोटहून उत्तरेला पाहिलं की सातपुडा दिसतो. नरनाळा त्याच्यावरच. सगळा काळा पत्थर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. "भंडारा-चंद्रपुराकडं खाणी हायेत, मंग आपल्याकडंच काऊन नाई?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय. पोरं कामासाठी पुण्या-सुरतेला निघाली की तो जरा जास्तच टोचतो.

खरं तर लाव्हात धातू असतोच. आपल्या बेसाल्टमध्येही तांबं-जस्त आहे, पण टनामागे शे-दोनशे ग्रॅम. तो गोळा करायला कुणीतरी लागतं, आणि हे काम समुद्र फार छान करतो. तळाच्या भेगांतून पाणी आत झिरपतं, तापतं, खडकातला धातू विरघळवून वर आणतं आणि थंड पाण्यात गंधकासोबत टाकून देतं. असे काळा धूर ओकणारे झरे १९७९ साली पॅसिफिकच्या तळाशी माणसाला प्रत्यक्ष दिसले.

गंमत म्हणजे पृथ्वी बदलली तसे हे साठेही बदलले. २७० कोटी वर्षांपूर्वी पोटातली उष्णता जास्त होती. तेव्हाच्या अतितप्त लाव्हातून ऑस्ट्रेलियात कंबाल्डाला निकेल साचलं. तसा लाव्हा पुढे दुर्मिळ झाला. त्याच काळातल्या कॅनडाच्या किड क्रीकमध्ये तांबं आणि जस्त भरपूर, शिसं मात्र नावाला. शिसं खंडांच्या कवचात जास्त साठतं, त्यामुळे खंडांचा हातभार लागला तिथे त्याचं प्रमाण वाढलं. गुजरातेत अंबाजीला, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या साठ्यात, तांबं-जस्तासोबत शिसंही आहे. जपानच्या दीडेक कोटी वर्षांच्या 'कुरोको'तही तेच.

आमचा लाव्हा मात्र बहुतेक जमिनीवरच पसरला. धातू गोळा करायला समुद्र नव्हता. सैबेरियातला लाव्हा असाच जमिनीवरचा, पण नोरिल्स्कला तो रस वर येताना गंधक असलेल्या थरांतून आला आणि निकेल-तांब्याचा प्रचंड साठा झाला. तसं नशीब आपल्याला लाभलं नाही. पूर्वेकडे हे काळं पांघरूण संपतं आणि जुने खडक उघडे पडतात, म्हणून खाणी तिकडे. नागपूर जिल्ह्यात कोलारीला जस्त सापडलं, तेही जुन्या ज्वालामुखी खडकांच्या पट्ट्यातच.

आता आमच्या शेताचं बघा. माती याच दगडाची. तिच्यात जस्त आहे, पण चुनखडीमुळे पिकाला ते नीट उचलता येत नाही. म्हणून कृषी केंद्रातून झिंक सल्फेटची थैली आणायची. दुसऱ्याच कुठल्या खडकात साचलेलं जस्त विकत घेऊन आमच्याच जस्तावर टाकायचं!

असो. खाण येईल या आशेवर बसण्यात अर्थ नाही. पोरांना इथे काम द्यायचं तर ते या मातीतून आणि कपाशीतूनच काढावं लागेल. त्या पत्थराने आपल्याला दिलं ते हेच.