तीन बेटे, दहा रात्री

मे महिन्याच्या सुटीत ग्रीसच्या बेटांवर जायचे ठरले, तेव्हा मुलांची यादी सात बेटांची होती. रात्री मात्र दहाच. त्यात सोबत सत्तरी ओलांडलेल्या अम्मी, गुडघ्यांनी हैराण. रोज सामान बांधायचे, बंदर गाठायचे, बोट पकडायची, ही सफर नव्हे, दगदग झाली. म्हणून आम्ही तीनच बेटे ठेवली: कोस, सिमी आणि ऱ्होड्स.

ही बेटे ग्रीसची असली तरी तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून आहेत. १५२२ च्या वेढ्यानंतर ऱ्होड्स उस्मानी सल्तनतीकडे आले. १९१२ मध्ये ही बेटे इटलीने घेतली आणि १९४७ मध्ये ती ग्रीसला मिळाली. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा येथे इटलीचा अंमल होता. त्यामुळे कोस आणि ऱ्होड्सवरची मुस्लिम कुटुंबे आपल्या घरातच राहिली.

पहिल्या चार रात्री कोसला. शहर बरेचसे सपाट, त्यामुळे अम्मींना चालणे सोपे. जवळच प्लातानी हे गाव आहे. तेथे तुर्की बोलणारे मुसलमान राहतात आणि तुर्की पद्धतीचे जेवण मिळते. तरीही गोश्त हलाल आहे का, हे विचारूनच घ्यायचे. इतर ठिकाणी मासळी आहेच.

पुढच्या दोन रात्री सिमीला. बंदरापासून वरच्या वस्तीपर्यंत सुमारे ५०० पायऱ्या आहेत. तेव्हा मुक्काम खाली बंदराशीच हवा. वर जायला बस आहे. मुलांनी हवे तर पायऱ्या मोजाव्यात.

शेवटच्या चार रात्री ऱ्होड्सला. जुन्या शहराच्या तटबंदीत सुलेमानिया मशीद आहे. आजची इमारत १८०८ मध्ये नव्याने बांधलेली. समोरच १७९३ मध्ये स्थापन झालेले हाफिज अहमद आगा यांचे ग्रंथालय आहे. त्यात अरबी, फारसी आणि तुर्की हस्तलिखिते जपलेली आहेत. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला एवढे आमंत्रण पुरे. गल्ल्यांत मात्र गोटे बसवलेले आहेत, म्हणून वेशीजवळची खोली पाहायची आणि नरम तळव्याची चप्पल घ्यायची.

येताना कोसच्या विमानतळावर उतरायचे आणि जाताना ऱ्होड्सहून अथेन्सचे विमान धरायचे. त्यामुळे त्याच वाटेने मागे फिरावे लागत नाही आणि बोटीचे प्रवास दोनच उरतात. जलद बोटी वेळ वाचवतात, पण समुद्र खवळला की आधी त्याच थांबतात. मोठ्या बोटी संथ असतात, पण लाटा अधिक सोसतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा ‘मेल्टेमी’ वारा जोरात असतो. मे महिन्यात त्याचा त्रास कमी. तरीही वाऱ्याचा भरवसा नाही. कोकणात पावसाळ्यात बोटी बंद पडलेल्या पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून विमानाच्या दिवशी बोट ठेवायची नाही, आणि ऱ्होड्सचा शेवटचा दिवस पूर्ण मोकळा.

कोसहून समोरचे बोद्रुम दिसते, बोटही तासाभराच्या आत पोहोचवते. मुलांचा जीव तिकडे ओढतो. पण तेथे जायला तुर्कस्तानचा वेगळा व्हिसा लागतो, आणि परत ग्रीसमध्ये यायला शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. तो तसा मिळाला तर पाहू. बेत त्यावर उभा करायचा नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमाही लागतो. अम्मींच्या वयाचा आणि जुन्या दुखण्यांचा उल्लेख करूनच तो घ्यायचा, नाहीतर ऐन गरजेला तो उपयोगी पडत नाही.

चार बेटे सुटली, याची मुलांना हळहळ आहे. पण मे महिन्यात तेथे मगरिब रात्री आठनंतर होते. दुपारभर विसावा घेऊन अस्रनंतर सगळ्यांनी मिळून बंदरावर बसायला भरपूर उजेड उरतो. घरातली तीन पिढ्यांची माणसे निवांतपणे एकत्र बसतात, असे दिवस वर्षात किती येतात? कुटुंबाला घेऊन निघणाऱ्यांनी कागदावर बेटांची नावे लिहिण्याआधी मोकळे दिवस लिहून ठेवावेत. मग उरलेल्या जागेत जेवढी बेटे मावतील, तेवढीच आपली.