बत्तीस घासांचा हिशेब

गेल्या वर्षी पर्युषणापूर्वी मी अठ्ठाई करण्याचा भाव मनात धरला होता. त्यासाठी म्हणून केलेल्या रक्ततपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा एचबीएवनसीचा आकडा ८.४ निघाला. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि अठ्ठाईला स्पष्ट नकार दिला. गोळ्या चालू असताना आठ दिवस निराहार राहिल्यास साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपू शकते, असे ते म्हणाले. मला राग आला. कंदमुळे नाहीत, मद्य नाही, रात्रिभोजन नाही, अंगही सडपातळ. मग हा रोग माझ्या वाट्याला का?

डॉक्टरांनी टेपने कंबर मोजली. ती ९६ सेंटिमीटर भरली. आपल्याकडील पुरुषासाठी मर्यादा ९० आणि स्त्रीसाठी ८०. मग त्यांनी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली ठेवणच अशी, की वरून माणूस बारीक दिसतो, पण स्नायू थोडे आणि चरबी पोटात अधिक. जेवणातून आलेली साखर बव्हंशी स्नायू उचलतात. ते थोडे असले आणि वर बसूनच राहिले, तर ती रक्तात साचत जाते.

ठेवण आजोबांचीही हीच असणार. ते बार्शीहून वैराग, पांगरीच्या बाजारांना कापडाचे गाठोडे घेऊन जात, बहुतेक वेळा पायीच. भाकरीवर तूप भरपूर घेत. पण ते तूप वाटेतच खर्ची पडत असे. त्यांच्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या दुकानात मी तीस वर्षे गादीवर बसून आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ. हाताखाली माणसे आहेत, म्हणून ठाण उचलायलाही उठावे लागत नाही. शेठजीने उठू नये, यातच आमच्याकडे प्रतिष्ठा! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दहा कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह आहे. शहरांत प्रौढांपैकी १६.४ टक्के, खेड्यांत ८.९ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतर मला आजोबांच्या आणि माझ्या दिवसात दिसते.

चौविहाराचेही तेच झाले. हिवाळ्यात साडेपाचला दुकानात डबा येतो. रात्री भूक लागेल या भीतीने मी दोन पोळ्या जास्तच खातो, भात संपवतो आणि पुढचे साडेतीन तास त्याच गादीवर बसतो. नियमाचा यात काही दोष नाही. ‘कधी खायचे’ ते आम्ही पाळले. ‘किती खायचे’ ते सोयीने विसरलो. फरसाणाच्या पाकिटावर ‘जैन’ ही अक्षरे दिसली की आतील तेल-मैद्याची चौकशी संपली. आयंबील करणारा जिभेला जिंकतो खरा, पण पारण्याच्या दिवशी घरातील प्रत्येकजण प्रेमाने त्याचे ताट भरतो, आणि ते प्रेम नाकारणे उद्धटपणाचे ठरते.

चातुर्मास संपल्यावर महासतीजींचा विहार झाला. आम्ही पन्नास-साठ जण त्यांना पोहोचवायला निघालो. गावाच्या वेशीपर्यंत चाललो, मांगलिक ऐकले आणि मागून आलेल्या गाड्यांत बसून परतलो. साठीच्या पुढच्या त्या साध्वी अनवाणी पुढे पंधरा किलोमीटर गेल्या. गाडीत बसताना मला प्रथमच लाज वाटली.

त्याआधी स्थानकात मी त्यांच्याजवळ अठ्ठाई हुकल्याचे दुःख बोललो होतो. त्यांनी सहा बाह्य तपांतील दुसरे, ऊनोदरीचे, स्मरण करून दिले. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास मानावा आणि त्याहून कमी घ्यावे. “अनशनाचा वरघोडा निघतो, श्रावकजी, ऊनोदरीचा निघत नाही. जमेल?” मी डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या वेळा सांभाळून, पच्चक्खाण घेतले. अठ्ठाईहून हे मला कठीण जाते. उपवासात ताट समोर नसते. येथे ते रोज दोनदा समोर येते. दुकानात मी गिऱ्हाइकाला आता उठून कापड दाखवतो. आकडा ७.१ वर आला आहे.

महावीर जयंतीच्या गौतमप्रसादीत माझा बालमित्र वाढायला होता. बासुंदीची वाटी घेऊन तो समोर उभा राहिला आणि मी ताटावर हात आडवा धरला. “माझ्या हातचे नाही म्हणतोस?” त्याने चारचौघांत विचारले. मी कारण सांगितले. त्यालाही मधुमेह आहे, माझ्याआधी पाच वर्षांपासून. तो पुढच्या पंगतीकडे वळला आणि अद्याप माझ्याशी नीट बोललेला नाही.