टेबल सॉ घेताय? आधी हे वाचा

निवृत्त झालेल्या रुग्णांना मी नेहमी सांगतो, हाताला काही काम ठेवा. त्यातले काही जण सुतारकामाकडे वळतात. मलाही तो नाद आहे हे त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे रक्तदाब मोजून झाला की प्रश्न येतो, "डॉक्टर, घरी टेबल सॉ कुठली घेऊ?"

टेबल सॉमध्ये गोल पातं टेबलाच्या फटीतून वर आलेलं असतं आणि लाकूड आपण त्यावर ढकलतो. म्हणजे हात पात्याच्या दिशेनंच जातो. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी साधारण १९० किलोमीटर होतो. धोका जाणवून हात मागे घ्यायला आपल्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात पात्याची कड १० मीटर फिरलेली असते. "मी सावध असतो" याला इथे फारसा अर्थ नाही.

म्हणून दुकानात हॉर्सपॉवर विचारण्याआधी पात्यामागे रायव्हिंग नाइफ आहे का ते पाहा. ही पात्याबरोबर वरखाली होणारी पातळ पोलादी पट्टी. चिरलेली फळी मिटून पात्याला चिमटली, तर ती उलटी तुमच्या पोटावर येते. ही पट्टी फट उघडी ठेवते. वरचं गार्ड हवं, फेन्स पात्याला समांतर घट्ट बसायला हवं आणि बंद करायचं बटण मोठं, गुडघ्यानंही दाबता येईल असं हवं. प्लायवूडच्या टेबलाखाली हातकरवत उलटी बसवलेला जुगाड स्वस्त पडतो, पण त्यात यातलं बहुधा काहीच नसतं. मी तो घेऊ देत नाही. त्वचेचा स्पर्श ओळखून सुमारे ५ मिलिसेकंदांत पातं थांबवणाऱ्या सॉसुद्धा निघाल्या आहेत. महाग आहेत, परवडत असेल तर जरूर घ्या.

हातमोजे मात्र घालू नका. मोजा पात्यात अडकला की हातही ओढला जातो. शेवटची फळी पुश स्टिकनं ढकला.

भुशाकडे लोक दुर्लक्ष करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. नाक आणि सायनसचा कर्करोग त्यामुळे होऊ शकतो. हौशी माणसाला सुताराइतका धोका नाही, पण दमा असेल तर त्रास लगेच जाणवतो. सॉला डस्ट पोर्ट हवाच, शिवाय एन-९५ मास्क, चष्मा आणि कानांना संरक्षण.

सर्दीची झोप आणणारी गोळी घेतली असेल, त्या दिवशी मशीन बंद. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मधुमेहानं बोटं बधिर झाली असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: प्लायवूड दुकानातूनच कापून आणा. जोडकाम आणि पॉलिश घरी करा, आनंद त्यातही आहे.

तरीही बोट तुटलंच, तर जखम स्वच्छ कापडानं दाबून हात उंच धरा. हळद, कॉफी काही भरू नका. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर नको. प्लास्टिक सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. वाटेत चहा-पाणी देऊ नका, भूल द्यावी लागेल.