वर्गातलं मानवशास्त्र आणि समितीपुढचं

संपादकांनी यंदा विषय दिला तो असा: विद्यापीठात मानवशास्त्र घेऊन मुलं नेमकं शिकतात काय? सोपं लिहा, असंही बजावलं. प्रयत्न करते, पण थोडं तांत्रिक आल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

आमच्या सावद्यात मला विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो. लग्नाच्या मांडवात नाहीतर केळीच्या कटाईवर कुणीतरी गाठतं आणि म्हणतं, "ताई, तुम्ही हाडं-कवट्यांचं शिकवता ना? मग सांगा, आपण लेवा लोक मूळचे कुठले?" गुजरातेतून, पावागडाकडून आलो, हे उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. माझ्याकडून त्यावर शास्त्राचा शिक्का हवा असतो. तो मी देत नाही, म्हणून काही जण नाराजही आहेत. स्थलांतराच्या कथा खोट्या असतात असं नाही. पण एखाद्या समाजाचं मूळ गाव रक्ताच्या थेंबातून निघत नाही, आणि ते निघतं असं सांगणाऱ्यांनी या विषयाचं भयंकर नुकसान केलं आहे.

या नुकसानाला जुना इतिहास आहे. १९०१च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर असा निर्देशांक काढून जातींची उतरंड लावायचा घाट घातला. नाक जितकं रुंद तितका सामाजिक दर्जा खाली, असा त्यांचा दावा होता. आमच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२च्या ग्रंथात तो आकड्यांनीच तपासून त्यातल्या त्रुटी दाखवल्या. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेवर प्रबंध लिहीत होत्या. वंशभेद सिद्ध करण्यासाठी ही मोजमापं वापरता येतील, अशी गुरूंची अपेक्षा होती. बाईंच्या मोजमापांतून तसं काही निघालं नाही, आणि निघालं नाही असंच त्यांनी १९३०च्या सुमारास त्या शहरात लिहून दिलं. पुढे १९३९पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. आज पुण्यात मानवशास्त्र शिकणारं प्रत्येक पोर त्यांच्या घरातलं आहे असं मी मानते, आणि याचा मला अभिमान आहे.

त्यामुळे पहिल्या वर्षी मुलं मोजायला शिकतात, पण मोजमापाच्या मर्यादाही त्याच वर्षी शिकतात. सिकलसेलचं उदाहरण घ्या. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिन्यांत अडकते. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक. "पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली," असं समजणारी कितीतरी कुटुंबं आहेत. शक्यता प्रत्येक वेळी नव्यानं तेवढीच असते, हे समजावून सांगणं हा आमच्या मुलांचा पहिला खरा धडा असतो. दुसरा धडा असा की हा 'आदिवासींचा आजार' नव्हे. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४मध्ये दाखवलं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं: आफ्रिकेत, अरबस्तानात, विदर्भातल्या अनेक जातींमध्येही. जनुकाला जात कळत नाही.

दुसऱ्या वर्षी वंशावळ. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, दोन आडव्या रेघा म्हणजे लग्न. वंशावळी गोळा करण्याची पद्धत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी घालून दिली. मी मुलांना स्वतःच्याच घरी बसवते. आमच्याकडे भाटाच्या वहीत नावं खूप मागे जातात, पण ती पुरुषांची. एका मुलीनं सावद्यातल्या आपल्या घराची वंशावळ वहीवरून सुबक काढून आणली होती. तिला म्हटलं, आता आजीजवळ बस आणि प्रत्येक पिढीला विचार, "आणि मुली?" आठ दिवसांनी तिचा कागद तिप्पट झाला होता. चिनावलला दिलेली, न्हावीला दिलेली, भालोदची करून आणलेली, बाळंतपणात गेलेली आणि तिच्या जागी आलेली तिचीच धाकटी बहीण. बैलगाडीनं दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरात पाच पिढ्यांच्या सोयरिकी फिरल्या होत्या. वहीत घराणं होतं, आजीकडे सगळा परगणा होता.

मग क्षेत्रकार्य. लोक काय व्हावं म्हणतात, काय करतो म्हणतात आणि प्रत्यक्षात काय करतात, या तीन गोष्टी वेगळ्या नोंदवायच्या असतात. ऐकायला हे सोपं वाटतं. एका विद्यार्थ्यानं घरमालकाच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, "कुटुंब एकत्र जेवते." त्याच वहीत खाली वेळांच्या नोंदीत होतं की घरातली सून तीन वाजता, भरीत संपल्यावर, चटणी-भाकरी घेऊन चुलीपाशी बसली. दोन्ही वाक्यं त्याचीच होती, पण त्यातला अंतर्विरोध त्याला दिसला नव्हता. तो दिसायला लागला की मूल मानवशास्त्र शिकलं. नोकरी लागेल का, हे आईबाप विचारतात तेव्हा आरोग्य विभाग, संग्रहालयं, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था अशी यादी मी सांगतेच. पण खरी मिळकत ही नजर आहे.

आणि हीच नजर सरकारी कामात कशी बोथट होते, ते मला सांगायचं आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्याची पडताळणी महाराष्ट्रात समित्या करतात. १९९४च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कामाची रीत घालून दिली. दक्षता पथकानं घरी-गावी जाऊन चौकशी करावी, जमातीची वैशिष्ट्यं, दैवतं, विधी, लग्नाची आणि मर्तिकाची रीत यांची माहिती घ्यावी. यातूनच आप्तभाव चाचणी, म्हणजे सगळे म्हणतात ती अफिनिटी टेस्ट, रुळली. हेतू चांगला होता. बोगस दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा लाटल्या जात होत्या आणि आजही जातात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चौकशी हवीच.

पण चाचणी म्हणजे काय झालं? पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतून उतरवलेली लक्षणांची यादी, आणि समोर बारावी झालेलं पोर. एन्थोवेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरचे खंड १९२०-२२चे आहेत. त्यातलं लग्न आजच्या सातपुड्यात कुणाच्या घरी जसंच्या तसं होतं? संस्कृती बदलते, हे आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो. मग त्याच शास्त्राच्या नावानं ती गोठवायची कशी?

गेल्या वर्षी यावल तालुक्यातल्या एका तडवी कुटुंबाचं प्रकरण माझ्याकडे आलं, आणि ते डोक्यातून जात नाही. मुलगा रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. पणजोबांच्या १९५०पूर्वीच्या शाळेच्या नोंदीत 'मुसलमान तडवी' लिहिलेलं. तडवी भिल्ल महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आठव्या क्रमांकाच्या नोंदीत आहेत, आणि त्यातले बहुतेक जण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान आहेत. अनुसूचित जातीला धर्माची अट आहे, जमातीला नाही. कायद्यात हे स्वच्छ आहे. तरी मुलाला पहिला प्रश्न कुलदैवताचा. त्याला नाव सांगता आलं नाही. लग्नातली गाणी सांगता आली नाहीत. ती बायका म्हणतात. मर्तिकाची रीत त्यानं सांगितली ती दफनाची. शेरा पडला: आप्तभाव जुळत नाही.

घरी आजी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती हळदीची गाणी म्हणते, डोंगरातल्या नातेवाइकांची नावं सांगते, कोणत्या कुळाशी सोयरीक चालत नाही तेही सांगते. वंशावळ शिकलेल्या माझ्या विद्यार्थिनीनं दोन बैठकांत हे सगळं कागदावर उतरवलं.

२४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं, ठाकूर जमातीच्या संघटनेच्या प्रकरणात, स्पष्ट केलं की आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे आणि ती प्रत्येक प्रकरणात अनिवार्यही नाही. कागदपत्रांनी समितीचं समाधान होत नसेल तरच प्रकरण दक्षता पथकाकडे जावं. मला या निकालानं समाधान झालं, तसा थकवाही आला. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचं तत्त्व मान्य व्हायला इतकी वर्षं लागली. आणि खाली, चौकशीच्या पातळीवर, तोच छापील प्रश्नसंच अजून फिरतो. तो फिरवणाऱ्यांत आमच्याच वर्गातून गेलेली मुलंही असतात, ही बोच मोठी आहे. चार भिंतींत शिकलेलं ते कामाच्या ढिगाऱ्याखाली सोडून देतात, की आम्हीच ते पुरेसं रुजवत नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी तो प्रश्नसंच वर्गातच वाटते. पाटील, चौधरी, महाजन, कोळी, बौद्ध, सगळ्या मुलांनी आपापल्या घराबद्दल तो भरायचा, घरी फोन न करता. कुलदैवताच्या पूजेचा क्रम, दहाव्याचे विधी, लग्नात मामाचा मान कोणता. बहुतेकांचे रकाने रिकामे राहतात. मग सांगते, प्रश्न कुणाला विचारला, कोणत्या बोलीत, घरात आणखी कोण होतं, हे लिहिल्याशिवाय उत्तराला किंमत नाही. आणि शेरा लिहायच्या आधी मूळ प्रश्नोत्तरं शब्दशः जोडायची.

तडवी मुलाची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. आजी सोबत जाणार आहे. तिचं म्हणणं तिच्याच बोलीत नोंदवून घ्यावं, असा अर्ज कुटुंबानं दिला आहे, आणि त्याला माझं लेखी मत जोडलं आहे.