गळतीचा ठाव

डिझेलवर चालणाऱ्या जुन्या मर्सिडीज मोटारींची अमेरिकेत देखभाल करणाऱ्या कारागिराला सर्वाधिक काळ अडवून धरते ती इंजिनाची झीज नव्हे, गंजही नव्हे, तर व्हॅक्यूमची गळती होय. कंपनीच्या वर्गवारीत डब्ल्यू १२३ हे नाव असलेली ही मालिका १९७६ ते १९८६ या दशकात सुमारे २७ लाखांच्या संख्येने तयार झाली. पुण्यात १९९५ पासून जिची जुळणी होऊ लागली ती डब्ल्यू १२४ ही तिचीच पुढची पिढी. तेलटंचाईच्या वर्षांत अमेरिकी ग्राहकाने डिझेल मोटारी जवळ केल्या, तेव्हा चार सिलिंडरांची २४०डी आणि पाच सिलिंडरांची ३००डी तिथे मोठ्या प्रमाणात खपली. त्यांतल्या कित्येक गाड्या आजही रस्त्यावर आहेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, कारण तिथल्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो आणि १९९७ पर्यंतच्या डिझेल मोटारींना धूरतपासणीतून सूट मिळते. मात्र ज्या उन्हाने पत्रा राखला त्याच उन्हाने रबर वाळवले, आणि व्हॅक्यूमची सारी भिस्त रबरावर असते.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी पाकळी असते आणि तिच्यापलीकडे हवेचा दाब आपोआप घटतो. ३००डीच्या डिझेल इंजिनात अशी अडवणूकच नसल्यामुळे हा घटलेला दाब, म्हणजेच व्हॅक्यूम, इंजिनाच्या पुढच्या अंगाला बसवलेल्या स्वतंत्र पंपाने निर्माण करावा लागतो. या एका पंपावर ब्रेकला जोर देणारा डबा, दारांची मध्यवर्ती कुलुपे, स्वयंचलित गिअर किती कडक पडावेत हे ठरवणारा मॉड्युलेटर आणि डॅशबोर्डमागे वातानुकूलनाची वाट बदलणाऱ्या झडपा, इतकी कामे चालतात. इंजिन बंद करण्याचे कामही त्याचेच. डिझेलमध्ये ठिणगी नसल्यामुळे ती तोडून इंजिन थांबवता येत नाही. चावी फिरवली की तिच्यामागची झडप व्हॅक्यूमला इंजेक्शन पंपावरच्या एका रबरी पडद्याकडे वाट करून देते, तो पडदा इंधनाचा दांडा मागे ओढतो आणि पुरवठा तुटतो. गळती असेल तर चावी काढून खिशात घातली तरी इंजिन धडधडत राहते आणि मालकाला बॉनेट उघडून ‘स्टॉप’ अशी अक्षरे कोरलेला खटका हाताने दाबावा लागतो.

या गळतीचा हट्टीपणा असा की ती जिथे असते तिथे दिसत नाही आणि जिथे दिसते तिथे बहुधा नसते. ब्रेककडे जाणाऱ्या जाड नळीतून बाकीच्या कामांसाठी जे फाटे फुटतात त्यांच्या मुखाशी मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले असते, जेणेकरून एखादा फाटा तुटला तरी ब्रेकचा जोर जाऊ नये. ही योजना सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्दोष आहे, परंतु तिचा परिणाम असा होतो की छिद्रातून जेवढी हवा ओढली जाते त्याहून जास्त हवा मागच्या दाराच्या एका फाटक्या पडद्यातून आत आली, की त्या फाट्यावरची सर्व कामे एकदम दुबळी होतात. चाळीत तळमजल्यावरचा नळ उघडा राहावा आणि ओरड तिसऱ्या मजल्यावरून यावी, तसाच हा प्रकार आहे. इंजिन बंद होत नाही म्हणून इंजेक्शन पंपावरचा पडदा बदलला जातो, गिअर झटका देऊन पडतात म्हणून गिअरपेटी खोलण्याची भाषा सुरू होते, आणि दोष मात्र डाव्या मागच्या दाराच्या अस्तराआड तसाच बसून असतो.

कुलुपांच्या बाबतीत हा गुंता आणखी वाढतो. दारातील प्रत्येक पडद्याला दोन बाजू असतात. एका बाजूस व्हॅक्यूम लागला की कुलूप बसते, दुसऱ्या बाजूस लागला की उघडते, आणि कोणत्या बाजूस तो जावा हे चालकाच्या दारातील झडप ठरवते. त्यामुळे एका बाजूचे रबर फाटलेले असेल तर कुलुपे उघडी असताना यंत्रणा ठणठणीत वाटते आणि कुलुपे लावताच तीच यंत्रणा ढासळते. मालक सांगतो की इंजिन कधी बंद होते, कधी होत नाही, आणि या ‘कधी’चा कुलुपांशी काही संबंध असेल असे त्याच्या मनातही येत नाही. याखेरीज दार आणि खांब यांच्यामध्ये, बिजागरीपाशी, प्रत्येक उघडझापीला वाकणाऱ्या नळ्या असतात, ज्या दार अर्धवट उघडे असतानाच गळतात. शिवाय इंजेक्शन पंपावरचा पडदा झिरपू लागला की इंजिनातले तेल नळीत ओढले जाते आणि पुढच्या जोडांचे रबर फुगवून निकामी करते. एका दोषाने दुसरा दोष जन्माला घालावा अशी ही साखळी आहे, आणि तिचे पहिले टोक सापडल्याशिवाय केलेली प्रत्येक दुरुस्ती तात्पुरती ठरते.

या शोधात प्रस्तुत लेखकाची भिस्त दीर्घकाळ कानावर होती. इंजिन चालू असताना डिझेलच्या खडखडाटात काहीच ऐकू येत नाही, पण इंजिन थांबल्यानंतर कुलुपांच्या साठवण टाकीत व्हॅक्यूम काही काळ शिल्लक राहतो आणि तेवढ्या अवधीत दाराच्या अस्तराला कान लावला, किंवा रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक जोडांवरून फिरवले, तर आत शिरणाऱ्या हवेची बारीक शीळ ऐकू येते. मापकाला हात न लावता, एकही जोड न सोडता, केवळ ऐकून चारांपैकी कोणत्या दारात दोष आहे हे सांगणे ही या व्यवसायातील दिखाऊ विद्या होय, आणि ती दाखवण्यासाठी गाडीचा मालक शेजारी उभा असेल अशीच वेळ निवडली जात असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. वय वाढू लागले की माणसाच्या कानातून उंच पट्टीचे स्वर आधी जातात, आणि व्हॅक्यूमची शीळ नेमकी त्या पट्टीतली असते. बोलणे स्पष्ट ऐकू येते, खालच्या पट्टीतली इंजिनाची धडधड ऐकू येते, पण शीळ नाहीशी झालेली असते. आणि ती आपल्यापुरती नाहीशी झाली आहे, नळीतून नव्हे, हे मान्य करायला कारागिराचा अभिमान फार वेळ घेतो.

कान गेल्यावर उरते ती विभागणी. हाताने चालवायचा लहान पंप आणि त्यावरचे मापक घेऊन प्रत्येक फाटा मूळ नळीपासून सोडवायचा, त्यात व्हॅक्यूम भरायचा आणि काटा स्थिर राहतो की घसरतो हे पाहायचे, अशी ही पद्धत आहे. समुद्रसपाटीला निरोगी पंप पाऱ्याच्या २० इंचांहून अधिक व्हॅक्यूम सहज देतो. डेन्व्हरसारख्या सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या शहरात वातावरणाचाच दाब पाच इंचांनी कमी असल्यामुळे तोच पंप मापकावर कमी भरतो आणि घाईचा कारागीर चांगला पंप फेकून देतो. विभागणी मंद असते, प्रत्येक फाटा कुलूपबंद आणि उघड्या अशा दोन्ही अवस्थांत तपासावा लागतो, दार पूर्ण उघडून, अर्धे उघडून आणि लावून काटा पाहावा लागतो. परंतु तिच्या शेवटी जे हाती येते त्याला अंदाज म्हणता येत नाही, ते सिद्ध झालेले असते. हाताखाली शिकणाऱ्या तरुणाने ही पद्धत प्रथमपासून स्वीकारली. त्याचे कान तीक्ष्ण आहेत, तरीही तो आधी मापक उचलतो, आणि त्याच्या या सवयीचे कौतुक करणे दीर्घकाळ टाळले गेले, कारण जे काम कोणालाही मापकाने करता येते त्यात गुरूचे वेगळेपण काय उरते, हा प्रश्न त्या कौतुकाच्या आड येत होता.

गळणारा फाटा सापडला की तो दुरुस्त करावा की बुजवावा, यावर या क्षेत्रात दोन पंथ आहेत. बुजवणाऱ्यांचे आवडते साधन म्हणजे गोल्फचा चेंडू ठेवण्याची लाकडी खुंटी. तिचे निमुळते टोक नळीत घट्ट बसते आणि क्षणात बाकीची यंत्रणा सुधारते. निदानासाठी ही खुंटी उत्तम आहे, पण उपाय म्हणून ती खोटी आहे, कारण ती बसल्यावर कुलुपे कायमची मरतात आणि पुढच्या मालकाला तो या गाडीचा स्वभावच वाटू लागतो. अशा खुंट्या बसवून ‘व्हॅक्यूमचे काम पूर्ण’ अशी पावती देणाऱ्यांविषयी सौम्य शब्द वापरण्याचे कारण दिसत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात हॉटेलांतले वापरलेले खाद्यतेल जाळण्यासाठी याच गाड्यांची मोडतोड करणाऱ्यांची एक लाट आली होती; इंधन वाचवण्याचा त्यांचा हेतू प्रामाणिक असेल, परंतु थंडीत घट्ट होणारे तेल तापवण्यासाठी त्यांनी डिकीत भोके पाडली, जादा टाक्या आणि नळ्या बसवल्या, आणि उत्साह ओसरल्यावर त्या गाड्या अर्ध्या किमतीत सोडून दिल्या. लिलावासाठी गाड्या चकाकवणारे व्यापारी त्याहूनही खालच्या पायरीवर ठेवावे लागतात, कारण त्यांना आतल्या नळ्यांशी काहीच कर्तव्य नसते. ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाने या मालिकेच्या आधीच्या पिढीची १९७६ ची २४०डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवून २००४ मध्ये मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली. चकाकीने कोणत्याही गाडीला तो पल्ला गाठता येत नाही.

ऱ्हास केवळ माणसांत नाही, तो मालातही आहे. मूळ पडदे आणि जोड यांच्या जागी आज जे रबर मिळते त्यातले काही पहिल्याच उन्हाळ्यात कडक होते, आणि वीस-तीस वर्षे टिकलेला जुना जोड काढून नवा बसवणे शहाणपणाचे आहे का, असा प्रश्न पडावा अशी स्थिती येते. २००६ च्या सुमारास अमेरिकेत अत्यल्प गंधकाचे डिझेल आले, तेव्हा काही जुन्या इंजेक्शन पंपांच्या सीलमधून तेल पाझरू लागल्याच्या तक्रारीही झाल्या. व्हॅक्यूमशी त्यांचा संबंध नव्हता, पण अमेरिकेत आता ही गाडी ज्या परिस्थितीत चालते ती तिच्या कर्त्यांनी कल्पिलेली नाही, एवढे त्यातून उघड होते.

सर्वांत अवघड फाटा अजूनही तोच आहे, डॅशबोर्डमागचा. वातानुकूलनाच्या झडपा हलवणारे पडदे तिथे खोल बसलेले असतात, त्यांतल्या काहींपर्यंत पोहोचायला पूर्ण डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो, आणि उन्हाने भाजलेला तो डॅशबोर्ड काढताना तडकण्याचा धोका असतो. एका स्वस्त रबरी पडद्यासाठी न मिळणारी वस्तू पणाला लावायची, असा तो व्यवहार असतो. बहुतेक मालकांना तो फाटा बुजवणे पुरेसे वाटते, कारण मधल्या झरोक्यांतून वारा आला नाही तरी गाडी चालते, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चूक ठरवता येत नाही. तरीही प्रस्तुत लेखक अशी गाडी खुंटी ठोकून परत देत नाही; मालक ऐकत नसेल तर ते काम दुसऱ्याकडे जाऊ देतो. यात यंत्राविषयीची निष्ठा आहे, तसाच अभिमानही आहे. पुढे कधीतरी दुसऱ्या एखाद्या कारागिराने तो डॅशबोर्ड उघडला तर त्याला आत खुंटी सापडू नये आणि आधीचे काम कोणी केले असेल असा प्रश्न त्याला पडावा, ही इच्छा त्यामागे असते. कानाची विद्या गेल्यावर मिरवण्यासाठी एवढेच उरले आहे, आणि ते सोडून देण्याची तयारी नाही.