आक्का, मल्ली आणि दोन बॅकपॅक

विमानाच्या तिकिटांसह श्रीलंकेत नऊ दिवस, आणि दोघांचा मिळून खर्च एक लाखाच्या आत. हे सांगितले की बेळगावात पहिला प्रश्न येतो, "जमतंय काय?" जमते. फक्त सरकारी बस, तिसऱ्या वर्गाची रेल्वे आणि गेस्ट हाउसमधली एकच खोली यांची तयारी हवी. दुसरा प्रश्न असतो, "बहिणीबरोबर? मित्र नाही मिळाले?" त्याचे उत्तर जरा लांबेल.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बेळगावातल्या शाळेत गणित शिकवते. बाबा गेल्यानंतर आणि आईला अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर घराची सगळी घडी तिच्याच वेळापत्रकावर बसलेली. मी बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. महिन्यातून एकदा रात्रीच्या राणी चन्नम्माने घरी जायचे, रविवारी परत. एवढ्या वेळात औषधे, बँक, गळके छप्पर एवढेच बोलून होते. २०२४च्या फेब्रुवारीत खानापूरची मावशी आईजवळ राहायला आली, तेव्हा आक्कानेच फोन केला. "नऊ दिवस मिळालेत. कुठंतरी लांब जाऊया. पण पैसे जपून."

श्रीलंका ठरली ती हिशेबाने. बंगळूरहून कोलंबो दीड तासाचे विमान, ईटीए ऑनलाइन मिळते, आणि तेव्हा आपल्या एका रुपयाला तिथले जवळजवळ पावणेचार रुपये येत होते. फेब्रुवारीत दक्षिण किनारा कोरडा असतो. अनेक अभयारण्ये पाहण्याऐवजी एक पायी फिरायचे जंगल, एक कासवांचा किनारा आणि एक हत्तींचे उद्यान, एवढेच घेतले. त्यामागेही हिशेबच होता. तिथल्या बहुतेक उद्यानांत जीपशिवाय आत सोडत नाहीत. जीपचे भाडे आणि काही शुल्के प्रत्येक गाडीमागे किंवा गटामागे असतात, म्हणून दोघांनाच ती महाग पडतात.

कोलंबो फोर्ट स्टेशनवरून मातरची गाडी पकडली. दक्षिणेला जाताना उजवीकडे बसायचे, कारण रूळ कित्येक मैल समुद्राला चिकटून जातात. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागते. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामीने याच रुळांवर उभी असलेली भरलेली गाडी उचलून फेकली आणि एका गाडीत १,७००हून जास्त माणसे गेली. गाडीतून तिथली उंच बुद्धमूर्ती दिसते. डब्यातल्या एक बाई तिच्याकडे बघून हात जोडून बसल्या. शेंगदाणे विकणारा पोरगाही दोन मिनिटे ओरडायचा थांबला.

मातरहून देनियायाच्या बसमध्ये कंडक्टरने जागा दाखवत आक्काला "अक्का" म्हटले. ती चमकलीच. "ह्याला कसं माहीत?" सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि धाकट्या भावाला मल्ली. पुढचे आठ दिवस मी मल्ली झालो.

देनियायाला यायचे ते सिंहराजसाठी. १९८८पासून हे वर्षावन युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. इथे जीप नाही. वाटाड्या घेऊन पायीच फिरायचे. आंबोली आणि चोर्ल्याचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हे जंगल परके वाटत नाही. तेच शेवाळ, तोच ओल्या पानांचा वास, त्याच जळवा. सह्याद्री आणि श्रीलंका यांना जैवविविधतेच्या नकाशावर एकच प्रदेश धरतात, ते इथे पायाला कळते. तरी इथल्या निम्म्याहून जास्त झाडांच्या जाती श्रीलंकेबाहेर कुठेच नाहीत. १९७०च्या दशकात प्लायवूडसाठी इथे तोड सुरू झाली होती. लोकांच्या विरोधामुळे ते दशक संपायच्या आत ती थांबली, म्हणून आज बघायला जंगल आहे.

तासभर काहीच दिसले नाही. मग वाटाड्याने बोट ओठांवर ठेवले आणि दोन मिनिटांत आमच्या डोक्यावरून पक्ष्यांची मिरवणूक गेली. सिंहराजमधले हे मिश्र थवे अभ्यासकांत प्रसिद्ध आहेत. सातभाईच्या कुळातले नारिंगी चोचीचे पक्षी कलकलाट करत पुढे, तुरेवाला कोतवाल पहाऱ्यावर, मागोमाग कितीतरी जातींचे लहानमोठे पक्षी. पुढच्यांनी पाने हलवली की किडे उडतात, ते मागच्यांना मिळतात. शिकारी पक्षी दिसला की कोतवाल ओरडतो आणि सगळे सावध होतात. आक्का म्हणाली, "बघ की, प्रत्येकाला काम वाटून दिलंय. एकट्यानं सगळं कोण करत नाही." मी तेव्हा नुसते हसलो.

जेवणाचा खर्च फारसा आलाच नाही. बस स्टँडजवळच्या खानावळीत भात, मसूर डाळ, दोन भाज्या आणि खोबरे-मिरचीचे पोल सांबोल मिळते. सकाळी मिळणारे इंदिआप्पा म्हणजे आपले मालवणी शिरवाळेच, फक्त गोड रसाऐवजी तिखट कालवणाबरोबर. कालवणात कोकमाच्याच कुळातले गोरका आंबटपणा देते. मातीच्या मडक्यातल्या म्हशीच्या दह्यावर कितुलचा काकवीसारखा पाक घालतात. कितुल म्हणजे कोकणातला भेर्ली माड. आक्काने त्या दह्याची दोन मडकी एकटीने संपवली.

चौथ्या दिवशी मातरमार्गे तंगल्ल, आणि तिथून रिक्षाने रेकवा. या किनाऱ्यावर रात्री समुद्री कासवे अंडी घालायला येतात. दक्षिण किनाऱ्यावर जागोजागी टाक्यांत कासवे ठेवून हातात देतात, फोटो काढू देतात. तिथे आम्ही गेलो नाही. रेकव्याला कासव आपणहून येते आणि आपण थांबायचे. मोबाईल बंद, विजेरी बंद, फक्त राखणदाराकडे लाल दिवा. पूर्वी जे लोक अंडी गोळा करून विकत, त्यांच्यातल्याच काहींना १९९०च्या दशकात घरट्यांचे राखणदार नेमले गेले. वेळासला किंवा गोव्यात मोरजी, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवे पाहिलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. कासवे एप्रिलनंतर जास्त येतात, म्हणून फेब्रुवारीत दिसतीलच असे नाही, हे आम्हाला आधीच सांगितले होते.

आठ वाजल्यापासून वाळूत बसलो. काळोख एवढा की शेजारच्याचा चेहरा दिसत नव्हता. नऊच्या सुमारास आक्का म्हणाली, "मला पुण्याला प्रवेश मिळालाय. विशेष मुलांच्या शिक्षणाचा कोर्स. दोन वर्षांचा."

"कधी?"

"डिसेंबरात कळलं. आईला सांगितलं नाही. तुलाही नाही. सांगून काय उपयोग, असं वाटलं."

मी विचारले, "जायचंय तुला?"

बराच वेळ लाटांचाच आवाज. मग ती म्हणाली, "जायचंय. अडतीस झाले मला. आता नाही तर नाहीच." आणि लगेच, "पण आईला एकटी ठेवून नाही. बाई ठेवून पण नाही. तिला रात्री उठायला लागतं, तुला माहीत नाही किती वेळा."

"किती वेळा?"

"तीनदा. कधी चारदा."

मग ती सांगत गेली. कोणती गोळी कशाबरोबर चालत नाही, आई कुणाच्या हातचे खाते, चिडली की काय करायचे, फिजिओथेरपीला नको म्हणाली तर कशी वळवायची. मी एकेक विचारत होतो. ऑफिसात एखादे काम ताब्यात घेताना जसे विचारतो तसेच. साडेअकराला राखणदाराने हाक मारली. हिरवे कासव होते, भले मोठे. मागच्या पायांनी खोल खड्डा केलेला. एकेक करत शंभराच्या आसपास अंडी, मग वाळू लोटणे, आणि मग जड अंगाने परत समुद्राकडे. आक्का शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

एंबिलिपिटियामार्गे उडवलवे गाठले. १९७२मध्ये धरणाच्या जलाशयाभोवती केलेले हे उद्यान सुमारे ३०८ चौरस किलोमीटर आहे आणि इथे वर्षभर हत्ती दिसतात. गेस्ट हाउसवाल्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवले होते, म्हणून आणखी चौघांबरोबर एक जीप वाटून घेता आली. खर्च निम्म्याहून कमी झाला. पहाटे सहाच्या गाडीने गेलो. गवतात हत्तिणींचा कळप होता आणि पिल्लू सतत दोघींच्या मधोमध. एक सरकली की दुसरी तिची जागा घ्यायची.

उद्यानाशेजारी वन्यजीव खात्याने १९९५ला सुरू केलेले अनाथ पिल्लांचे केंद्र आहे. ठरलेल्या वेळी पिल्लांना दूध पाजतात, ते प्रेक्षकांनी लांबून पाहायचे. हात लावायला, खायला घालायला बंदी. माणसाची सवय लागली तर जंगलात सोडता येत नाही. मोठी झाली की त्यांना एकेकटे न सोडता गटाने सोडतात, कारण आई नसली तरी बरोबर वाढलेली भावंडे लागतात. हे वाचून आक्काने माझ्याकडे बघितले. मी म्हटले, "समजलं गं."

परतीच्या बसमध्ये आम्ही वहीत दोन रकाने आखले. एकात आईचा दिवस, दुसऱ्यात माझ्या मीटिंगा. कंपनीत काय मागायचे, कोणत्या रात्री मावशी येईल, आक्का कोणत्या शनिवारी येईल, सगळे कोलंबो येईपर्यंत लिहून झाले. आईला घरी पोचल्यावर दोघांनी मिळून सांगितले. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आक्काला म्हणाली, "पुण्याला थंडी असते, स्वेटर घे."

आता आक्का पुण्यात आहे आणि मी हा लेख बेळगावच्या घरातून लिहितो आहे. आई रात्री तीनदा उठते, कधी चारदा. सगळे सुरळीत आहे असे नाही. माझ्या हातची आमटी तिला अजून चालत नाही.

तुमच्यापैकी कुणी भावंडे निघणार असाल तर एवढेच सांगतो. ठिकाणे कमी ठेवा, जीप सहा जणांत वाटून घ्या, जळवांसाठी लांब मोजे न्या, आणि बसने फिरा. बसला वेळ लागतो, रेकव्याला तर तीन-साडेतीन तास नुसते बसावे लागते. आम्हाला घरी जो वेळ कधी मिळाला नव्हता, तो तिथे मिळाला.