वीतभर शेजारीण

नेपल्सला पोचलो त्या रात्रीच पाऊस सुरू झाला. सकाळी खिडकी उघडली तरी तो लागून होता. जोर नाही, गडगडाट नाही. आपल्याकडे आषाढात पूर्वी झड लागायची, तसा. व्हेसुव्हियस ज्या बाजूला दिसायला हवा, तिथे नुसतं राखी आभाळ. त्या दिवशी आम्हाला पाँपेईला जायचं होतं. लेक शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, दिवस वाया गेला बघा."

मी गप्प राहिलो. पावसाने दिवस वाया गेला, असं माझ्या तोंडून निघत नाही. मी ढोकीचा. आदल्याच वर्षी, २०१६च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे आमच्याच रुळांवरून गेली होती. पहिल्या गाडीला दहा टाक्या, एकेकीत पन्नास हजार लिटर. पुढे काही महिने त्या खेपा चालल्या होत्या. एका दुपारी मी स्टेशनाच्या कडेला उभा होतो. गाडी निघून गेली आणि खडीवर सांडलेले थेंब बघता बघता वाळले. खाली वाकून बोट लावेपर्यंत दगड कोरडा. त्या दिवसापासून पडणारा पाऊस कुठलाही असो, मला तो परका वाटत नाही.

"चल, भिजत जाऊ," मी म्हणालो.

जुन्या नेपल्सच्या गल्ल्या अरुंद. वर गच्च्यांमधून दोरीवर वाळत घातलेले कपडे, त्यांवर प्लॅस्टिक ओढलेलं. कोपऱ्यावर चेस्टनट भाजणारा छत्रीखाली उभा, आणि शेगडीचा धूर पावसात वर न जाता रस्त्यावरच रेंगाळत होता. मी मात्र खाली बघत चाललो होतो. पायाखालची फरशी काळी, घट्ट, भिजून चकाकणारी. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे दगड घडवून इथले रस्ते बांधलेत. आमच्या विहिरींचे कडे, वाड्यांची जोती ज्या काळ्या फत्तरात आहेत, तोही लाव्हाच. फक्त आमचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला. ओल्या दगडावर पाय जपून टाकायची सवय मला लहानपणापासूनची, तेरणेच्या काठची. ती इथे उपयोगी पडली.

पाँपेईचा बेत रद्द झाला म्हणून आम्ही पुराणवस्तुसंग्रहालयात गेलो. अलेक्झांडरचं ते प्रचंड मोझेक, फार्नेस घराण्याच्या संग्रहातला थकून टेकलेला हर्क्युलिस, सगळं पाहिलं. पण मी आतून दुसऱ्याच कुणाला शोधत होतो. ती एका वेगळ्या दालनात असते. पाँपेईत सापडलेली शृंगाराची चित्रं, शिल्पं तिथे एकत्र ठेवलीत. कधी काळी ते दालन कुलूपबंदच असायचं. बापलेकीने मिळून बघण्यासारखं ते नव्हे. लेक दाराशी थांबली, मी एकटा आत गेलो.

काचेआड ती उभी होती. हस्तिदंताची, सुमारे २४ सेंटिमीटर, वीतभराहून जराशी उंच. हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८मध्ये ती पाँपेईच्या एका घरात सापडली. म्हणजे इसवी सन ७९मध्ये ते गाव राखेखाली गेलं, त्याआधीच ती हिंदुस्थानातून तिथे पोचली होती. तिला या दालनात ठेवलेलं पाहून मला वाईट वाटलं. आमच्याकडे अशा बायका देवळाच्या भिंतीवर दिवसाउजेडी उभ्या असतात, आणि लेकुरवाळ्या त्यांना हात लावून नमस्कार करतात.

मी तिला ओळखत होतो. आमच्या शेजारी तेर आहे. गोरोबाकाकांची समाधी म्हणून लोक तिथे जातात. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर होतं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हिच्याच घडणीची हस्तिदंती बाई आहे. तोच दागिन्यांचा सोस, तीच थेट समोर बघत उभं राहण्याची ढब. लहानपणी आम्ही तेरला पाव्हण्यांकडे जायचो, तेव्हा पांढरीच्या टेकाडावर पाऊस पडून गेला की मणी वेचायला पळायचो. पावसाने माती धुऊन निघायची आणि लाल, निळे मणी उघडे पडायचे. कुणी घडवले, कुठे जायचे होते, आम्हाला कुठलं ठाऊक?

ही पाँपेईची बाई तेरचीच, असं छातीठोक म्हणता येत नाही. काही अभ्यासक तिला आपल्याकडच्या, भोकरदन-तेरच्या कारागिरीशी जोडतात. काही तिच्या बुडाशी कोरलेल्या खरोष्ठी अक्षराकडे बोट दाखवून वायव्येकडची ठरवतात. मला त्या वादात पडायचं नव्हतं. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात, 'पेरिप्लस'मध्ये, तगरचं नाव आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांची वाट, तिथून जाडंभरडं कापड नि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाते. भडोचहून गलबतं तांबड्या समुद्राकडे, पुढे इजिप्त, आणि तिथून नेपल्सच्या पलीकडच्याच बंदरात. ही गलबतं इजिप्तहून आपल्याकडे यायची ती नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर. मृगात आम्ही ज्याच्याकडे डोळे लावून बसतो, तोच हा वारा. पाऊस आणणाऱ्या वाऱ्यानेच सौदागर आणले. पाऊस नसता तर ही बाई इथवर आलीच नसती. आणि आजचा पाऊस नसता तर मी पाँपेईच्या उघड्या रस्त्यांवर हिंडत राहिलो असतो, तिच्यापाशी आलो नसतो.

बराच वेळ उभा राहिलो. पहारेकरी एकदा बघून गेला.

बाहेर आलो तेव्हा लेक पायऱ्यांवर छत्री घेऊन उभी होती आणि फोन पुढे करत होती. ढोकीहून भाऊ बोलत होता.

"पाऊस हाय का तिकडं?"

"रातीपासनं पडायलाय."

"असा की." तो थोडा वेळ थांबला. "हिकडं नुसतं आभाळ येतंय अन् जातंय. ज्वारीला येवढा एक मिळाला असता तर."

मी फोन कानाला तसाच धरून छत्रीबाहेर हात काढला.